झेरॉक्सच्या दुकानाला कॉपीराइटचा धाक: कायदा खरंच कडक झालाय का?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्यांच्या वडिलांचं इंदूरला भंवरकुआ भागात झेरॉक्सचं दुकान आहे. मुलं पुस्तकं आणि कोचिंगच्या नोट्स घेऊन येतात, प्रती काढून नेतात. जास्त खपणाऱ्या नोट्सचे गठ्ठे बाइंडिंग करून दुकानात तयारही ठेवलेले असतात. मागच्या आठवड्यात एक गृहस्थ आले. ‘आम्ही प्रकाशकाची माणसं. कॉपीराइटचा कायदा आता कडक झालाय, तीन वर्षं आत जाल, जामीनसुद्धा नाही,’ असं सांगून ‘मिटवून टाकायचे’ पैसे मागून गेले. वडिलांची झोप उडाली आहे. विचारणा अशी की शिक्षा वाढली आहे का, दुकान बंद करावं का आणि त्या माणसाला पैसे द्यावेत का.

मी इथल्याच जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजूला वकिली करतो. अशा प्रकरणांत दुकानदाराकडूनही उभा राहिलो आहे आणि ज्याचं पुस्तक चोरलं गेलं त्याच्याकडूनही. त्यामुळे पुढचं सगळं दोन्ही बाजू पाहून लिहितोय. तुमचं दुकान मी पाहिलेलं नाही आणि त्या गठ्ठ्यांत नेमकं काय आहे यावर बरंच काही अवलंबून आहे, हेही आधीच सांगून ठेवतो.

शिक्षा वाढलेली नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातल्या कलम ६३ खाली सुरुवातीला जास्तीत जास्त एक वर्षाची कैद होती. व्हिडिओ कॅसेटच्या चोरीचा सुळसुळाट झाला तेव्हा १९८४ च्या दुरुस्तीने ती कमीत कमी सहा महिने ते जास्तीत जास्त तीन वर्षं झाली, आणि दंड पन्नास हजार ते दोन लाख रुपये. दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर कमीत कमी एक वर्ष आणि एक लाख. तेव्हापासून कैदेचे आकडे तेच आहेत. म्हणजे वडिलांनी दुकान उघडलं त्या दिवशीही कायद्यात तीन वर्षं लिहिलेलीच होती, फक्त कोणी येऊन सांगितलं नव्हतं.

मग ‘कडक झालाय’ ही ओरड कुठून आली? २० मे २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून. निट प्रो इंटरनॅशनल विरुद्ध दिल्ली राज्य असं ते प्रकरण. त्याआधी कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, यावर उच्च न्यायालयांचं एकमत नव्हतं. दिल्ली उच्च न्यायालय जामीनपात्र म्हणत होतं, मुंबई आणि गुवाहाटीहून उलटे निकाल आले होते. कारण असं की फौजदारी संहितेच्या तक्त्यात दोन ओळी आहेत: तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र आणि जामीनपात्र, तीन ते सात वर्षांचे दखलपात्र आणि अजामीनपात्र. कलम ६३ ची कमाल शिक्षा बरोबर तीन वर्षं, अगदी उंबरठ्यावर. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पूर्ण तीन वर्षं देता येतात, तेव्हा हा गुन्हा दुसऱ्या, म्हणजे दखलपात्र आणि अजामीनपात्र ओळीत बसतो. जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, पण तक्त्याच्या या ओळी तशाच राहिल्या.

तुमच्या भीतीचं खरं कारण हे आहे आणि ते खोटं नाही. झेरॉक्सवाल्याला पूर्ण तीन वर्षांची कैद झालेली मी माझ्या कामात पाहिलेली नाही. पण पहिल्याच दिवशी दुकानाची जी दैना होते, ती पाहिली आहे. दखलपात्र म्हणजे पोलीस न्यायाधीशाच्या हुकमाविना एफआयआर नोंदवून तपास सुरू करू शकतात. शिवाय याच कायद्याचं कलम ६४ उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय जप्तीचा अधिकार देतं. जप्ती फक्त बेकायदा प्रतींचीच नाही, त्या ज्यावर काढल्या त्या ‘प्लेट’चीही. आणि प्लेटच्या कायदेशीर व्याख्येत प्रती काढण्याचं यंत्रही येतं. सरळ बोलायचं तर बँकेच्या हप्त्यावर घेतलेलं झेरॉक्स मशीन टेम्पोत चढून ठाण्यात जाऊ शकतं. खटला पाच वर्षांनी निर्दोष सुटला तरी हप्ते काही थांबत नाहीत.

अटकेचं मात्र लोक समजतात तसं नाही. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे. ठाण्यातून हक्काने मिळत नाही, न्यायालयात मागावा लागतो. त्यातही २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का लागली याची कारणं पोलिसांना लेखी द्यावी लागतात. गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची. नव्या संहितेत ही नोटीस कलम ३५(३) ची. व्यवहारात टीआय, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, बहुतेक वेळा नोटीस देऊनच मोकळे होतात, विशेषतः दुकान पक्कं असेल, माणूस इथलाच असेल आणि चौकशीला वेळेवर येत असेल तर. पण ‘बहुतेक वेळा’ म्हणजे ‘नेहमी’ नाही. एफआयआर होण्याची खरोखर शक्यता दिसली तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो, संहितेच्या कलम ४८२ खाली, सत्र न्यायालयात. इथला अजामीनपात्र शब्द दुकानदारांना जेवढा घाबरवतो, तेवढा न्यायाधीशाला घाबरवत नाही.

एक आणखी गोष्ट, जी फारशी कोणी वापरत नाही. तीन वर्षं किंवा अधिक पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, एफआयआरआधी प्रथमदर्शनी काही तथ्य आहे का, हे पाहायला पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. म्हणजे ज्या तर्काने हा गुन्हा तीन वर्षांच्या ओळीत गेला, त्याच तर्काने ही सवलतही लागू होते. तक्रार ठाण्यात आल्याचा सुगावा लागला, तर वकिलामार्फत आपली बाजू कागदपत्रांसह त्या अधिकाऱ्याला लेखी देण्यात अर्थ असतो. घाबरून दुकान बंद करून गावाला निघून जाण्यात मात्र काहीच अर्थ नसतो. फरार समजतील.

आता ते गृहस्थ.

प्रकाशक आणि सॉफ्टवेअर कंपन्या असे प्रतिनिधी खरोखर नेमतात, त्यामुळे आलेला प्रत्येक माणूस भामटाच असतो असं मी म्हणणार नाही. पण खऱ्या प्रतिनिधीकडे मालकाचं अधिकारपत्र असतं, नेमकं कोणतं पुस्तक ते तो सांगतो, त्या पुस्तकावर हक्क कोणाचा याचा कागद दाखवतो. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, तेव्हा ‘नोंदणी दाखवा नाहीतर चालते व्हा’ असं म्हणू नका. पण लेखकाशी झालेला करार, छापील प्रत, काहीतरी हवं. ‘तुमच्याकडे खूप माल आहे, बघून घेऊ’ अशी मोघम भाषा आणि रोख पैशांची घाई, हे दोन्ही एकत्र दिसलं की सावध व्हा. कायद्याच्या कलम ६० खाली, कॉपीराइटच्या नावाने पोकळ धमक्या देणाऱ्याविरुद्ध दिवाणी दावाही लावता येतो. पण तो खर्चिक रस्ता आहे, आणि समोरच्याने तत्परतेने खरा दावा लावला तर तो बंदही होतो. तुमच्यासारख्यांना तो मी सहसा सुचवत नाही. गल्ल्यावर आपली बाजू स्वच्छ असणं त्यापेक्षा स्वस्त पडतं.

पैसे देऊ नका असं मी ठामपणे का म्हणतो ते नीट समजून घ्या. हा गुन्हा आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. एफआयआर झाल्यानंतर तुम्ही कोणाच्या हातात पाकीट ठेवलं तर खटला संपत नाही. तडजोड खरी असेल तर तिच्या आधारे एफआयआर रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात अर्ज करावा लागतो, आणि तिथे मालकाचीच सही लागते. सुदैवाने खंडपीठ इथे इंदूरलाच आहे. आणि एफआयआरच्या आधी दिलेल्या रोख पैशांची पावती नसते. सहा महिन्यांनी दुसऱ्या प्रकाशकाचा दुसरा माणूस येतो, कारण हे दुकान पैसे देतं ही बातमी पुस्तकांच्या खजुरी बाजारापर्यंत पोचलेली असते. तडजोड करायचीच असेल तर ती मालकाशी, लेखी, बँकेतून आणि ‘यापुढे ही पुस्तकं विकणार नाही’ या अटीवर.

पण खरा प्रश्न तुम्ही मध्येच एका ओळीत उरकलाय: तयार गठ्ठे. इथे मी थोडा थांबतो.

दुकानात दोन वेगळी कामं चालतात आणि कायदा त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. पहिलं काम: विद्यार्थी स्वतःचं किंवा ग्रंथालयाचं पुस्तक आणतो, काही पानं काढून मागतो. खाजगी अभ्यासासाठी, संशोधनासाठी वाजवी वापर कलम ५२ खाली गुन्हाच नाही. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकण्या-शिकवण्याच्या ओघात प्रती काढण्यालाही त्याच कलमात वेगळी सूट आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसचं प्रकरण याच सुटीवरचं. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ साली दावा लावला होता. शिक्षकांनी ठरवलेल्या अभ्यासक्रमातल्या उताऱ्यांचे गठ्ठे ते दुकान बांधून विकत असे. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने, आधी एका न्यायमूर्तींनी आणि मग डिसेंबरमध्ये खंडपीठाने, शिक्षणाच्या सुटीचा अर्थ दुकानाच्या बाजूने उदार लावला. उतारे शिकवण्यासाठी खरोखर लागत होते का, एवढा पुराव्याचा मुद्दा खंडपीठाने खालच्या सुनावणीवर सोडला. पुढे २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

हा निकाल हातात धरून ‘मग आमचंही चालतं’ असं म्हणणारे दुकानदार माझ्याकडे येतात. तसं ते नाही. तिथे उतारे विद्यापीठाच्या शिक्षकांनी निवडले होते, पुस्तकं ग्रंथालयातली होती, दुकानाला विद्यापीठाची परवानगी होती, आणि दावा दिवाणी होता, फौजदारी नव्हे. शिवाय दिल्लीचा निकाल मध्य प्रदेशातल्या न्यायालयावर बंधनकारक नाही. वजन आहे, बंधन नाही. तुमच्या दुकानात मूल पूर्ण पुस्तक घेऊन आलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत काढून द्या म्हणालं, तर ते करडं क्षेत्र आहे. बाजारात सहज मिळणारं चालू पुस्तक असेल तर मी नाही म्हणा असं सांगतो. छपाई बंद झालेलं, कुठे मिळतच नाही असं असेल तर धोका कमी, पण शून्य नाही.

दुसरं काम: एका खाजगी कोचिंगचं छापील साहित्य, किंवा एमपीपीएससीचं, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचं, नावाजलेलं गाइड, पन्नास प्रती काढून फडताळात ठेवणं आणि निम्म्या किमतीला विकणं. यात वाद नाही. हेच कलम ६३. तिथे कायद्याला लागणारी गोष्ट म्हणजे ‘जाणूनबुजून’, आणि मुखपृष्ठावर संस्थेचं नाव छापलेलं असताना ‘माहीत नव्हतं’ हे कोणी ऐकत नाही. व्यापारासाठी नसेल तर न्यायाधीश खास कारणं देऊन सहा महिन्यांपेक्षा कमी शिक्षा देऊ शकतात, पण दुकानातून विक्री म्हणजे व्यापारच. ती सवलत तुम्हाला मिळणार नाही. एनसीईआरटीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात म्हणून ती छापून विकायलाही मोकळी आहेत, हाही समज भंवरकुआवर बराच पसरलाय. तो सोडा.

तेव्हा दुकान बंद करू नका, गठ्ठ्यांची विक्री बंद करा. आजच. मात्र पोलिसांची किंवा वकिलाची नोटीस आधीच हातात पडली असेल तर घाबरून माल जाळू-फाडू नका. पुरावा नष्ट केल्याचं आणखी एक कलम अंगाला चिकटेल. आणि जाता जाता: दुकानातल्या कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर चोरीचं असेल तर त्याला वेगळं कलम आहे, ६३ब. कमीत कमी सात दिवसांची कैद. धाड पडली की पोलीस सीपीयूही उघडतात, एवढंच लक्षात ठेवा.

जप्ती झालीच तर पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा, आणि किती प्रती, कोणत्या पुस्तकाच्या, मशीनचा नंबर काय, हे सगळं लिहिलंय ना ते बघा. ‘अंदाजे दोनशे पुस्तकं’ असं मोघम लिहू देऊ नका. झडती-जप्तीचं मोबाइलवर चित्रण पोलिसांनी करायचं असतं. करत नसतील तर नम्रपणे आठवण द्या, वाद घालू नका. जप्त वस्तूंत आपला हक्क आहे असं म्हणणाऱ्याला पंधरा दिवसांत दंडाधिकाऱ्यांकडे परत मिळवण्याचा अर्ज करता येतो. मशीन सुपुर्दनाम्यावर सोडवायचं असेल तर २००२ चा सुंदरभाई देसाई निकाल आहे: जप्त माल ठाण्यात सडत ठेवू नये, फोटो आणि पंचनामा करून बंधपत्रावर मालकाला द्यावा. बिल आणि हप्त्याची कागदपत्रं हाताशी असतील तर हा अर्ज लवकर सुटतो. नसतील तर मशीन तुमचंच आहे हे सिद्ध करण्यात महिने जातात.

आता तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी विचारलं होतं, ‘एवढा कडक कायदा हवाच कशाला?’ माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

आंतरराष्ट्रीय व्यापार करारातलं, म्हणजे ट्रिप्सचं, कलम ६१ देशांकडून एवढंच मागतं की व्यापारी प्रमाणावर मुद्दाम केलेल्या चोरीला फौजदारी शिक्षा असावी. आपलं कलम ६३ त्याच्या पुष्कळ पुढे जातं. त्यात ‘व्यापारी प्रमाण’ ही पायरीच नाही. जाणूनबुजून केलेलं कोणतंही उल्लंघन गुन्हा. व्यापार होता की नाही हे फक्त शिक्षा ठरवताना बघायचं. शिक्षेचा टप्पा येईपर्यंत माणूस ठाणं, जामीन, तारखा सगळं भोगून झालेला असतो. मला यात दुरुस्ती हवी वाटते: व्यापारी प्रमाण गुन्ह्याच्या व्याख्येतच आणा, मग तो खुशाल दखलपात्र ठेवा. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने बेचाळीस कायद्यांतल्या किती तरी किरकोळ गुन्ह्यांची कैद काढली, पण कलम ६३ ला हात लावला नाही. उलट त्याच वर्षी चित्रपट कायद्यात दुरुस्ती होऊन थिएटरात चोरून चित्रण करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपासून चित्रपटाच्या निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड आला. वारं कुठल्या दिशेचं आहे ते दिसतंच. ब्रिटनने तर २०१७ साली ऑनलाइन उल्लंघनाची कमाल शिक्षा दोनवरून दहा वर्षं केली, आणि तिथेही लोकांची तक्रार हीच होती की मोठा चोर आणि साधा माणूस यांच्यातली रेघ कायद्यात नीट ओढलेली नाही.

पण मी ज्यांच्या वतीने तक्रार दिली आहे असे लोकही डोळ्यांपुढे येतात. इथलाच एखादा निवृत्त मास्तर, आयुष्यभराच्या शिकवण्यातून एक गाइड लिहितो, स्वतः पैसे घालून छापतो. दोन महिन्यांत त्याची झेरॉक्स त्याच्याच पुस्तकाच्या शेजारी निम्म्या किमतीला मिळू लागते. त्याला सांगायचं की जिल्हा न्यायालयात दावा लाव, मनाई हुकूम माग, नुकसानभरपाई सिद्ध कर? तोवर पुढच्या वर्षीचा अभ्यासक्रम बदललेला असतो. अशा माणसाला कलम ६४ ची जप्ती हाच एक उपाय वेळेत मिळतो. म्हणून हा अधिकार काढून टाका असं मी म्हणू शकत नाही. प्रत्येक लहान दुकानदाराला तो दाखवून वसुली होते, हा त्याच अधिकाराचा दुसरा चेहरा आहे.

लग्नात गाणी वाजवल्याने तुरुंगात जाऊ का, असंही एका ताईंनी विचारलंय. वरात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांत गाणं वाजवणं याच कायद्याच्या कलम ५२ खाली उल्लंघन धरलं जात नाही. गणेशोत्सवाच्या मंडळांचं वेगळं आहे, तिकीट आहे की नाही, आरती आहे की ऑर्केस्ट्रा, यावर ठरतं. त्याचा स्वतंत्र प्रश्न टाका.

ते गृहस्थ परत आले तर वडिलांनी चिडू नये, पैशांचं बोलू नये. ‘काय तक्रार आहे ती अधिकारपत्रासकट लेखी द्या, आमचे वकील उत्तर देतील,’ एवढंच म्हणावं आणि कागद दिला तर तारीख घालून ठेवून घ्यावा. फोनवर धमकावलं तर नंबर आणि वेळ लिहून ठेवा. ठाण्यातून बोलावणं आलं तर त्याच दिवशी वकील गाठा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. आणि गठ्ठ्यांत नेमकं काय काय आहे याची यादी मला इथेच, पुस्तकांची नावं न लिहिता, नुसत्या प्रकारांनी सांगा: कोचिंगच्या नोट्स किती, विद्यापीठाचे जुने पेपर किती, हाताने लिहिलेल्या किती. हाताने लिहिलेल्या नोट्सवर बहुधा त्या मुलाचाच हक्क असतो, आणि त्याची परवानगी कागदावर घेतलीत तर तेवढा भाग विकण्यात धोका बराच कमी होईल.